गटाच्या वहीपासून डेटाबेसपर्यंत



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी साठ हजारांचं कर्ज मागितलं. त्यांची मुलगी बी.कॉम. झाली आहे, दीड वर्ष दूध संस्थेत संगणकावर नोंदी करते. शहरातल्या एका क्लासनं सांगितलं होतं, सहा महिन्यांत हिला डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करू, नोकरीची हमी. बायकांनी मला विचारलं, "ताई, हे काम असतं तरी काय?" तेच आज सांगते.

आपल्या गटात सभासदांची यादी, बचत आणि कर्ज यांच्या नोंदी वेगवेगळ्या असतात. त्यांना जोडतो तो सभासद क्रमांक. बँकेच्या, दवाखान्याच्या अशाच लाखो नोंदी संगणकात असतात. त्या साठ्याला डेटाबेस म्हणतात. त्याची राखण करणारी व्यक्ती म्हणजे डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, थोडक्यात डीबीए. ज्याला जेवढं पाहायचा अधिकार आहे तेवढंच त्याला दिसावं, माहिती पटकन सापडावी आणि काही बिघडलं तर नोंदी परत मिळाव्यात, ही तिची जबाबदारी.

दोन वर्षांपूर्वी माझा संगणक बंद पडला. त्यात अकरा गटांचे हिशेब होते. पेन ड्राइव्हवर प्रत होती, पण ती उघडलीच नाही. वह्यांवरून सगळं पुन्हा भरायला तीन आठवडे गेले. तेव्हा कळलं, नुसती प्रत काढून भागत नाही, ती उघडते का हेही पाहावं लागतं. डीबीएच्या कामाचं मर्म यातच आहे.

आता खरी गोष्ट. नवख्या मुलीच्या हाती कोणी एकदम सगळा साठा देत नाही. आधी डेटा एंट्री, मग अहवाल काढणं किंवा सॉफ्टवेअरच्या मदत विभागात काम, मग कनिष्ठ डीबीए, अशी साधारण वाट असते. बऱ्याच कंपन्या संगणकाची पदवी मागतात. काही ठिकाणी रात्रपाळीही असते. हे घरच्यांना आधीच माहीत हवं.

पण शिकायची सुरुवात घरीच होते. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस हे डेटाबेस फुकट मिळतात. त्यांच्याशी बोलायची भाषा एसक्यूएल. ती १९७०च्या दशकात तयार झाली आणि आजही चालते. सरकारच्या 'स्वयम्' संकेतस्थळावर डेटाबेसचे धडे मोफत आहेत. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'चे बरेच धडे मराठीतही आहेत.

सराव आपल्याच गटाच्या नमुन्यावर करा. सभासद, बचत, कर्ज असे तीन तक्ते बनवा. नावं आणि रकमा मात्र खोट्या घाला. कोणाचा खरा आधार नंबर किंवा कर्ज त्यात नको. मग संगणकाला विचारा, तीन महिने कोणाचा हप्ता थकला? बॅकअप घ्या, एक तक्ता मुद्दाम पुसा आणि परत आणून दाखवा. केलेलं सगळं वहीत लिहून ठेवा. मुलाखतीत अनुभव विचारला की हेच सांगता येतं. दूध संस्थेतलं दीड वर्षही सांगायचं. चूक न करता रोज नोंदी ठेवणं हा अनुभवच आहे.

त्या बैठकीत आम्ही क्लासला फोन लावला. तीन प्रश्न विचारले. हमी लेखी देणार का? नोकरी नाही लागली तर पैसे परत का? आधी शिकलेल्या दोन मुलींशी बोलता येईल का? एकाचंही सरळ उत्तर आलं नाही.

गटानं साठ हजार दिले नाहीत. जुन्या लॅपटॉपसाठी अठरा हजार दिले, दीड वर्षाच्या हप्त्यानं. मुलगी संस्थेतली नोकरी सांभाळून रोज रात्री दोन तास बसते. परवा तिनं पुसलेला तक्ता पहिल्यांदा परत आणला आणि आईला उठवून दाखवला. आईला त्यातलं फारसं कळलं नाही, पण हप्ता मात्र त्या वेळेवर भरतात.

तुमच्या गटात अशी मागणी आली, तर आधी हे तीन प्रश्न विचारा.