भिंतीचा रंग आणि भूमिती श्रेढी

गेल्या दिवाळीत घराला रंग काढायचं ठरलं. आमच्या दोनच खोल्या, खिडकीसमोर शेजारची इमारत. "इंजिनिअर होतोयस ना, मग रंग तूच निवड," आई म्हणाली. मी ऐटीत गडद निळा निवडला. परिणाम? आईला भरदुपारी तांदूळ निवडायला ट्यूबलाइट लावावी लागायला लागली!

चूक कुठे झाली? पांढरी भिंत अंगावर पडलेला सुमारे ८० टक्के प्रकाश परत फेकते. तो समोरच्या भिंतीवर जातो, तिथून पुन्हा परत. म्हणजे १ + ०.८ + ०.६४ + ... आपली अकरावीतली भूमिती श्रेढीच की! बेरीज पाचपट. ५० टक्केवाला रंग घ्या, बेरीज फक्त दुप्पट. (खऱ्या खोलीत खिडकी, कपाट, फरशी धरून आकडे उतरतात, पण मुद्दा तोच.) गडद निळ्याचं तर विचारूच नका.

त्यात शेडकार्डावरचा तुकडा दोन बोटांएवढा, तोही दुकानातल्या ट्यूबखाली पाहिलेला. भिंतीवरच हातभर पट्टा मारून, पूर्ण वाळू देऊन, सकाळ-संध्याकाळ बघायला हवा होता.

मे महिन्यात पुन्हा प्रायमर, वर मोतिया रंगाचे दोन हात. रंगाऱ्याची मजुरी वाचवायला ब्रश मीच धरला. आई काही बोलली नाही. पण हल्ली तांदूळ खिडकीपासून लांब बसून निवडते.