टाइल कटर टवके काढतोय? नवीन ब्लेड आणण्याआधी पाणी बघा

पावसाळा सरला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागात घरांची कामे जोर धरतात आणि फरशीवाल्या मिस्त्रींना उसंत नसते. अशा वेळी पाण्यावर चालणारा टाइल कटर कडेचे टवके काढू लागला की बहुतेक जण सरळ दुकान गाठून नवीन ब्लेड आणतात. दोष ब्लेडचा असतोच असे नाही. आणि फुटलेल्या टाइलच्या बदल्यात त्याच बॅचची, त्याच शेडची टाइल मिळाली नाही, तर मालक ते पैसे कुणाच्या हिशेबातून वळते करतो हे सगळ्यांनाच ठाऊक आहे.

आधी प्लग काढावा, मग पाणी बघावे. टेबलवाल्या मशीनमध्ये पाणी खालच्या ट्रेमधून पंपाने वर चढते. कापताना निघणारा राडा त्याच ट्रेत बसतो आणि पंपाची जाळी तुंबवतो. रोज काम संपल्यावर ट्रे रिकामा करून पंप स्वच्छ पाण्यात धुतला तर अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. रात्रभर वाळलेला राडा सिमेंटसारखा घट्ट होतो, मग नळीत तार घालत बसावे लागते. पाणी ब्लेडच्या दोन्ही बाजूंना पडले पाहिजे. एकाच बाजूला पडत असेल तर दुसरी बाजू तापते. पंप कोरडा चालवू नये, जळतो.

पाणी ठीक असूनही कटर पुढे सरकत नसेल तर ब्लेडची कड बोटाने तपासावी, अर्थात मशीन बंद असताना. डायमंड ब्लेडला करवतीसारखी धार नसते. धातूत बसवलेले हिऱ्याचे कण टाइल घासून कापतात. धातू झिजला की आतले नवे कण उघडे पडतात. व्हिट्रिफाइड टाइल फार कठीण. तिच्यावर कण बोथट होतात, पण धातू तितका झिजत नाही आणि कड गुळगुळीत होते. अशा वेळी पाणी सुरू ठेवून सिमेंटच्या ब्लॉकवर किंवा ड्रेसिंग स्टोनवर चार-पाच उथळ काप घ्यावेत, कड पुन्हा खरखरीत होते. कडेचा हिऱ्याचा थर संपला असेल किंवा ब्लेडला चीर असेल तर मात्र ते फेकावेच.

ब्लेड हलत असेल तर फ्लँजवर वाळलेला राडा आहे का बघा. ब्लेडवरचा बाण फिरण्याच्या दिशेने हवा. काप तिरका जात असेल तर मार्गपट्टीला गुण्या लावावा. टेबलवर टाइलची चकाकती बाजू वर ठेवावी आणि ढकलण्याची घाई करू नये. मोटारीतून जास्त ठिणग्या दिसल्या तर कार्बन ब्रश संपत आलेले असतात. लांब, बारीक वायरच्या एक्स्टेंशनवर व्होल्टेज पडते, मोटार तापते.

पाणी आणि वीज एकत्र, म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि अर्थिंग हवेच. वायर प्लगच्या खाली झोळ देऊन न्यावी, म्हणजे ओघळ सॉकेटपर्यंत जात नाही. राहत्या घरात घाण नको म्हणून कोरडेच कापा असा आग्रह मालकीणबाई धरतात. तो मिस्त्रीने मानू नये. ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइडच्या धुळीत सिलिका असते, त्याने होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. पाणी लावूनही मास्क सोडू नये.

ट्रेमधला राडा बाथरूमच्या जाळीत ओतू नका, पाइप तुंबतो. बादलीत रात्रभर निवू द्यावा, वरचे पाणी काढावे आणि खालचा गाळ पोत्यात भरून बांधकामाच्या कचऱ्यात टाकावा.