गुरुदेवांचे वडील बंधू

समर्थ रामदासांनी मूर्खाची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत वाडवडिलांची कीर्ती सांगत फिरणाऱ्या माणसाचीही गणना केली आहे. अशा माणसाला उपाय सोपा आहे. त्याने बोलणे आवरावे म्हणजे झाले. परंतु ज्याने स्वतः कधी चकार शब्द काढलेला नाही आणि इतरच ज्याच्यासमोर त्याच्या आप्तांची कीर्ती सांगत राहतात, त्याने काय करावे? आपल्याकडे मुलाच्या नावामागोमाग वडिलांचे आणि विवाहितेच्या नावामागोमाग पतीचे नाव लावण्याची चाल आहे. ओळख सांगण्याची ती एक सोय होय. पण ही सोयीची ओळखच जेव्हा संपूर्ण ओळख होऊन बसते, तेव्हा एखाद्या कर्तबगार आयुष्याचे काय होते, हे एका सनदी अधिकाऱ्याच्या उदाहरणाने मी आज सांगणार आहे. मीही त्याच पेशातला असल्यामुळे त्यांच्याविषयी मला थोडे अधिक ममत्व वाटत असेल, तर श्रोत्यांनी क्षमा करावी.

सत्येंद्रनाथ ठाकूर यांचा जन्म १८४२ सालचा. आजोबा द्वारकानाथ हे 'प्रिन्स' म्हणून गाजलेले, वडील देवेंद्रनाथ हे 'महर्षी', आणि एकोणीस वर्षांनी लहान असलेले बंधू म्हणजे रवींद्रनाथ. वर पाहावे तरी कीर्ती, खाली पाहावे तरी कीर्ती! अशा घरातल्या या तरुणाने लंडनला जाऊन १८६३ साली आय. सी. एस.ची स्पर्धापरीक्षा दिली व ती उत्तीर्ण होणारा तो पहिला हिंदी मनुष्य ठरला. हे यश किती दुर्लभ होते, हे पुढच्या हिंदी उमेदवारांच्या यशासाठी १८६९ साल उजाडावे लागले यावरून कळेल. त्या वर्षी यशस्वी झालेल्यांत श्रीपाद बाबाजी ठाकूर हे आपले महाराष्ट्रीय गृहस्थही होते.

सत्येंद्रनाथांची नेमणूक झाली ती मुंबई इलाख्यात. अहमदाबाद, कारवार, सातारा अशा गावी न्यायदान करीत त्यांनी आयुष्याची तीस-बत्तीस वर्षे घालविली आणि १८९७ साली ते निवृत्त झाले. आज मात्र ही गावे त्यांच्या चरित्रात येतात ती प्रायः धाकट्या भावाचे मुक्काम म्हणून. १८७८ साली सतरा वर्षांचे रवींद्रनाथ अहमदाबादेस शाहीबागेतल्या जुन्या महालात राहिले; त्या वास्तूच्या आठवणीतून पुढे 'क्षुधित पाषाण' ही कथा जन्मली. तो महाल न्यायाधीश सत्येंद्रनाथांचे निवासस्थान होता. १८८३ साली रवींद्रनाथ कारवारला आले, आणि 'प्रकृतिर प्रतिशोध' हे नाटक तेथे लिहिले गेले. न्यायाधीश पुन्हा सत्येंद्रनाथच. कारवारच्या समुद्रकिनाऱ्याला आज रवींद्रनाथांचे नाव आहे. त्यात अनुचित काहीच नाही. पण कवीला त्या किनाऱ्यावर ज्याच्या बदलीने आणले, त्या माणसाची आठवण तेथे फिरावयास जाणाऱ्या कितीजणांना होत असेल?

मोठ्यांच्या नात्याने ओळखले जाण्यात खरा अन्याय आहे तो हा. नाव नाहीसे होत नाही. उलट नात्यामुळेच ते टिकते. पण आयुष्याचा जेवढा भाग त्या मोठ्या माणसाला स्पर्श करतो तेवढाच उजेडात राहतो, आणि बाकीचा गळून पडतो. सत्येंद्रनाथांच्या बाबतीत गळून पडलेला भाग आपल्या अगदी जवळचा आहे. या बंगाली न्यायाधीशाने मराठी आत्मसात केली, प्रार्थनासमाजाच्या मंडळींशी स्नेह जोडला आणि तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. इकडच्या लोकजीवनाविषयी त्यांनी आपल्या लोकांसाठी 'बोम्बाई चित्र' हे पुस्तक लिहिले. हिंदुमेळ्यासाठी रचलेले त्यांचे देशगीत बंगालमध्ये आवडीने गायले जाई. दोन प्रांतांमधले हे दळणवळण एका माणसाने कचेरीचे काम सांभाळून केले.

त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांच्या वाट्याला तर दुहेरी सावली आली. एकाची पत्नी आणि दुसऱ्याची वहिनी! १८६४ साली, अंतःपुराबाहेर पाऊल टाकणे हेच धाडस होते अशा काळात, त्या पतीबरोबर मुंबईस आल्या. बाहेर वावरताना नेसावे कसे, हा त्यांच्यापुढचा प्रत्यक्ष प्रश्न होता. पारशी स्त्रियांची पद्धत पाहून व तीत फेरफार करून त्यांनी साडी नेसण्याची नवी तऱ्हा बसविली आणि कलकत्त्यास गेल्यावर ती इतरांना शिकविली. तिकडे तिला 'बोम्बाई दस्तूर' हेच नाव पडले. १८७७ साली पती बरोबर नसताना मुलांना घेऊन त्या विलायतेस गेल्या. १८८५ साली त्यांनी मुलांसाठी 'बालक' मासिक काढले, आणि त्यात लिहिणाऱ्यांत स्वतः रवींद्रनाथ होते. येथे दिराने वहिनीच्या मासिकाला हातभार लावला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

सत्येंद्रनाथ १९२३ साली वारले. भावाला १९१३ साली मिळालेला जगन्मान्य सन्मान त्यांनी पाहिला होता. वडीलकीच्या नात्याने त्यांना त्याचा आनंदच झाला असेल, असे मानावयास हरकत नाही. प्रश्न त्यांचा नसून आपला आहे. कोणाची ओळख करून देताना 'हे अमक्यांचे बंधू', 'या तमक्यांच्या पत्नी' असे आपण सहज म्हणून जातो. म्हणावे, नाते खोटे नसते. फक्त तेथेच न थांबता पुढचा प्रश्नही विचारावा: 'आणि आपण स्वतः काय करता?' मग उत्तर ऐकण्यापुरता वेळ काढावा. तेवढ्यानेही समोरच्या माणसाचे त्याचे स्वतःचे आयुष्य त्याला परत मिळते.