टेलर म्हणजे कुठले पाहुणे?

डरहॅम, उत्तर इंग्लंड

मी ज्या औषधाच्या दुकानात काम करतो तिथे तयार औषधांच्या कागदी पिशव्या आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे फळीवर लावलेल्या असतात. 'टी'चा खण नेहमी गच्च, कारण त्यात टेलर मंडळी असतात. काउंटरवर येऊन कुणी नुसतं "टेलर" म्हणालं तर आम्ही पत्ता विचारतो, जन्मतारीख विचारतो, मगच पिशवी हातात देतो. एकाच गल्लीत समोरासमोर राहणारे दोन टेलर येतात. ते एकमेकांचे कोणी लागत नाहीत, आणि आपण एका आडनावाचे आहोत याचं त्यांना काडीचंही अप्रूप नाही. इंग्लंड-वेल्समध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या पहिल्या पाच आडनावांत टेलर मोडतं, स्मिथ, जोन्स, विल्यम्स यांच्या पंगतीत.

माझ्यासारख्या मराठवाड्यातल्या हदगावच्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. आपल्याकडे नवा माणूस दिसला की "पाहुणे कुठले?" हा पहिला प्रश्न आणि "आडनाव काय?" हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर मिळालं की बाकीची चौकशी आपोआप होते. शेवटी 'वार' आलं की तेलंगणाच्या अंगाचं जुनं घराणं. शेवटी 'कर' आलं की गाव सापडतं. नरहर कुरुंदकर म्हटलं की वसमत तालुक्यातलं कुरुंदा. देशमुख, देशपांडे म्हटलं की वतन. पाटील म्हटलं की मात्र एक जादा प्रश्न लागतो, "कोणते पाटील?" एवढं झालं की चहा सांगायचा की नाही, सांगितला तर कोणत्या कपात, आणि घरात लग्नाची मुलगी असेल तर विषय काढायचा की नाही, हे सगळं ठरतं. यातलं थोडं गोड आहे आणि बरंच कडू आहे, ते वाचकांना मी इथून सांगायला नको.

इंग्रजांचंही पहिल्यापासून असं नव्हतं. १०६६ साली नॉर्मन राजा आला, त्याच्याबरोबर फ्रेंच भाषा आली, आणि कापड बेतून कापणाऱ्याला तिच्यातला शब्द मिळाला. पुढे चौदाव्या शतकात सरकारनं तीनदा डोईपट्टी बसवली, १३७७, १३७९ आणि १३८१ साली. मधल्या पट्टीत ज्याच्या-त्याच्या दर्जाप्रमाणे रक्कम होती, त्यामुळे कितीतरी गावांच्या याद्यांत नावाशेजारी धंदा लिहिलेला सापडतो. लोहार तो स्मिथ, दळणारा तो मिलर, पिंपं करणारा तो कूपर, कपडे शिवणारा तो टेलर. तिसऱ्या पट्टीनं लोक भडकले. त्या बंडाचा म्होरक्या वॉट टायलर, म्हणजे कौलं बसवणारा. १५३८पासून प्रत्येक चर्चमध्ये बारसं, लग्न, दफन यांची वही ठेवायचा हुकूम निघाला आणि तोवर ढिली असलेली आडनावं कागदावर पक्की झाली.

आता आपल्याकडे पाहा. जवळपास त्याच काळात आपले संत कोण होते? नामदेव शिंपी, गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. ही सगळी मंडळी डोईपट्टीच्या इंग्रज कारकुनासमोर उभी राहिली असती तर त्यानं बिनदिक्कत टेलर, पॉटर, गार्डनर, गोल्डस्मिथ, बार्बर असं लिहून घेतलं असतं. नामदेवांचं गाव म्हणून आपण मानतो ते नरसी हिंगोलीच्या शेजारी. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत, म्हणजे नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात एका मराठवाडी टेलरचे शब्द रोज मस्तकी लावले जातात.

माणसाला धंद्यावरून ओळखायची रीत दोन्हीकडे होती. फरक पडला तो पुढे. इथल्या टेलरचा मुलगा शेतावर गेला, नातू जहाजावर गेला, पणतू डरहॅमच्या कोळशाच्या खाणीत उतरला, आणि आडनाव तेच राहिलं. शिंप्यानं शिंप्याच्याच घरी सोयरीक करावी असा दंडक नव्हता. चर्च रक्ताचं नातं तपासायचं, धंदा तपासत नव्हतं. खाणीत एकाच पाळीला टेलर, कूपर, वॉकर खाली जात, आणि वर आल्यावर सगळे सारखेच काळे. आज त्या खाणीही बंद आहेत. टेलर हा शब्द कामाच्या अर्थानं रोजच्या वापरात हदगावच्या बाजारातच जास्त आहे; तिथे प्रत्येक गल्लीत एखादं 'लेडीज टेलर' आहे आणि दिवाळीच्या आधी त्याच्या दारात भांडणं आहेत. इथल्या टेलरांचे कपडे बांगलादेशातून शिवून येतात.

आडनाव असं रिकामं झालं की ते कुणालाही बसतं. एडमंटनचा ब्रुक टेलर घ्या. नांदेडच्या विद्यापीठात बी.एस्सी.ला गणित घेतलेल्या प्रत्येकानं 'टेलर सिरीज'ला मनातल्या मनात शिव्या घातल्या आहेत. ती त्याच्या १७१५ सालच्या पुस्तकातली. तिच्यातल्या साइन-कोसाइनच्या खास श्रेणी केरळच्या माधवाच्या परंपरेत तीनेकशे वर्षं आधी माहीत होत्या, हे आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हतं. द्रवांच्या गतीचा मोठा अभ्यासक जी. आय. टेलर हा वेगळाच. त्याची आजी मेरी एव्हरेस्ट, म्हणजे भारताची मोजणी करणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी. इतिहासकार ए. जे. पी. टेलर लँकशायरचा, हातात चिटोरंही न घेता टीव्हीवर सलग व्याख्यान द्यायचा. न्यायमूर्ती पीटर टेलर आमच्या शेजारच्या न्यूकॅसलचे. १९८९ साली शेफील्डच्या हिल्सबरो मैदानातल्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे प्रेक्षक दगावले, बळींचा आकडा आज ९७ धरतात. त्या चौकशीचा अहवाल या टेलरांचा. फुटबॉलच्या मोठ्या मैदानांतून उभं राहायचे कठडे जाऊन खुर्च्या आल्या त्या त्यांच्या शिफारशीनं. बर्मिंगहॅमच्या ड्युरान ड्युरान या बँडमध्ये तर पाचांपैकी तिघे टेलर होते आणि तिघांचा एकमेकांशी संबंध नव्हता. त्यांच्यातल्या ड्रमवाल्याचं नाव रॉजर टेलर. आणि पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या क्वीन बँडमधल्या ड्रमवाल्याचं नाव? तेही रॉजर टेलर.

नटी एलिझाबेथ टेलर लंडनात जन्मली. तिच्याच काळात इंग्लंडमध्ये एलिझाबेथ टेलर नावाची एक उत्तम कादंबरीकार होती, आणि नटीच्या चाहत्यांची पत्रं तिच्याकडे यायची. ही कादंबरीकार माहेरची कोल्स. नवरा टेलर म्हणून टेलर. लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लावणं हा इथे कायदा नाही, रिवाज आहे. सोळा वर्षांवरचा कोणीही 'डीड पोल' नावाच्या कागदावर साक्षीदारांसमोर सही करून हवं ते आडनाव घेऊ शकतो.

क्रिकेटवाल्यांना बॉब टेलर सांगायला हवा. फेब्रुवारी १९८०, वानखेडे, भारतीय क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाची कसोटी. इंग्लंडचे ५८ धावांत पाच गेलेले आणि पंचांनी टेलरला यष्टीमागे झेलबाद दिलं. कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथला ते पटलं नाही. त्यानं पंचांना निर्णय मागे घ्यायला लावून टेलरला परत बोलावलं. टेलर आणि बोथमनं १७१ धावांची भागी केली, टेलरनं यष्टीमागे सामन्यात दहा झेल घेतले आणि भारत दहा गड्यांनी हरला. विश्वनाथचं नाव आदरानं घेणारे म्हातारे इथे अजून आहेत.

हे आडनाव काळ्या माणसांनाही लागलं. संगीतकार सॅम्युएल कोलरिज-टेलर १८७५ साली लंडनात जन्मला. वडील सिएरा लिओनचे डॉक्टर. तिथल्या फ्रीटाउनमध्ये गुलामीतून सुटलेल्यांची वस्ती होती, आणि तिथल्या अनेक घराण्यांची आडनावं इंग्रजी आहेत. लायबेरियाचा माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर दुसऱ्या टोकाचा. शेजारच्या सिएरा लिओनमधल्या यादवीतल्या अत्याचारांना साथ दिल्याबद्दल २०१२ साली हेगमध्ये त्याला पन्नास वर्षांची शिक्षा झाली. ती भोगायला त्याला ब्रिटनमध्ये आणलं, आमच्या डरहॅमजवळच्या फ्रँकलंड तुरुंगात. त्याचं आडनाव ऐकून गावातल्या एकाही टेलरला ओशाळं वाटलेलं मी पाहिलं नाही. आपल्याकडे एखाद्या आडनावाचा मंत्री घोटाळ्यात सापडला तर तालुकाभर त्या आडनावाची माणसं आठवडाभर खालमानेनं फिरतात, किंवा मोर्चा काढतात.

पण मला सगळ्यांत जवळचा टेलर आपल्या मुलखात राबलेला. फिलिप मेडोज टेलर, जन्म लिव्हरपूलचा, १८०८. पंधराव्या वर्षी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीला म्हणून निघाला. पोचल्यावर कळलं की पेढीत दम नाही. ओळखीनं निजामाच्या फौजेत चिकटला आणि औरंगाबादेत रुजू झाला. हैदराबादेतल्या पामर सावकाराची मुलगी केली. त्या सावकाराची आई हिंदुस्थानी होती. पुढे सुरपूर संस्थानात बालराजाचा कारभार पाहिला, मग नळदुर्गात, आणि १८५७च्या धामधुमीत बुलढाण्यात. सुरपूरकडच्या बेडर लोकांनी त्याचं आडनाव सरळ वगळलं आणि मेडोजचं केलं 'महादेव बाबा'. आपल्या माणसांना बाहेरच्याला नाव द्यायचं असलं की आडनावाची अडचण येत नाही, हे यातून दिसतं. अडचण घरच्यांच्या बाबतीत येते.

१८३९ साली त्याची ठगावरची कादंबरी लंडनात निघाली आणि तरुण व्हिक्टोरिया राणीनंही ती वाचायला घेतली. तिच्या प्रस्तावनेत आपली हिंगोली आहे. हरीसिंग नावाचा ठगांचा म्होरक्या हिंगोलीच्या छावणीत प्रतिष्ठित व्यापारी म्हणून राहत होता. गोरे अधिकारी त्याच्याशी व्यवहार करत. मुंबईहून कापड आणायचं म्हणून त्यानं साहेबाकडूनच परवाना घेतला, वाटेत कापडाच्या खऱ्या मालकाला माणसांसकट संपवलं आणि तो माल छावणीत उघड विकला. बाजारात, पहाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर खून होत आणि प्रेतं तिथेच जवळ पुरली जात. थडगी उकरली तेव्हा आपण हजर होतो, असं टेलर सांगतो. ठगांच्या गोष्टी कंपनी सरकारनं फुगवल्या असं आज बरेच इतिहासकार म्हणतात, आणि त्यात तथ्य असावं. तरी कळमनुरीवरून हिंगोलीला जाताना ती छावणी मला आता निराळी दिसते. तुळजापुरात घडणारी 'तारा' ही त्याची कादंबरी १८६३ची. आपल्याकडे ती फारशी कोणी वाचत नाही याचं मला वाईट वाटतं.

आणि हा टेलर १८४० ते १८५३ लंडनच्या 'टाइम्स'चा वार्ताहर होता. निजामाच्या मुलखातून बातमीपत्रं पाठवून इंग्रजांना आपण कसे आहोत ते समजावायचा. तोच धंदा मी उलट दिशेनं करतोय, पण महादेव बाबाएवढं मानधन मला नाही.

तर मग हे लोक एकमेकांना ओळखतात कशावरून? आडनाव निकामी म्हणून चौकशी थांबली असं कुणी समजू नये. ते कान लावतात. तोंड उघडलं की न्यूकॅसलचा जॉर्डी कोण, सुंदरलंडचा मॅकेम कोण, हे दुसऱ्या वाक्याच्या आत ठरतं, आणि त्यावरून फुटबॉलचं वैर. पैनगंगेच्या अल्याडचा हदगावकर आणि पल्याडचा उमरखेडकर आपण बोलण्यावरून ओळखतो, तसंच. पण यांचा कान नदी ओलांडून वर चढतो. बाप काय करायचा, घर कसलं, आणि मुख्य म्हणजे शाळा कोणती, हे उच्चारात ऐकू येतं. खासगी फीच्या शाळांत इथली साधारण सात टक्के मुलं जातात. पण एकट्या ईटन शाळेनं देशाला वीस पंतप्रधान दिले. ईटनमधला टेलर आणि खाणीवरचा टेलर एका वहीत शेजारी लिहिले जातील, एका टेबलावर बसणं अवघड.

आणि आपलं आडनाव त्यांना अर्थानं कळत नसलं तरी रंगानं कळतं. २००९ साली इथल्या कामगार खात्यासाठी एक चाचणी झाली. शिक्षण, अनुभव सारखा, फक्त नावं निराळी असे नोकरीचे अर्ज कंपन्यांना धाडले. गोऱ्या वाटणाऱ्या नावाला नऊ अर्जांमागे एक होकार आला, आशियाई-आफ्रिकी नावाला सोळा अर्ज लागले. देशमुख की कांबळे हा भेद त्या साहेबाला माहीत नव्हता, दोघेही सोळात.

इथली मराठी घरं त्यावर आपापली तोड काढतात. मुलांची नावं नील, माया, मीरा अशी ठेवतात, दोन्हीकडच्या जिभेला चालणारी. आडनावाला मात्र कोणी हात लावलेला मी पाहिला नाही, डीड पोलचा कागद सोपा असूनही. विचारलं तर सांगतात, उद्या पोरीचं लग्न जमवायचं झालं तर गावाकडे काय सांगणार, टेलर?