तकलीचा मान

महागड्या उपाहारगृहात शिरणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाच्या मनात एक कारकून दडून बसलेला असतो. पहिला घास तोंडात जाण्यापूर्वीच तो बेरजा मांडू लागतो. एवढ्या पैशांत घरी किती पापलेटे आली असती, हे तो कानाशी कुजबुजत राहतो. कोकणी माणसाच्या मनातला कारकून तर फारच खट! मासळीबाजारात वाट्यामागे चार पैसे सुटावेत म्हणून हुज्जत घालण्यात ज्याच्या पिढ्या गेल्या, त्याला विलायती माशाची किंमत कशी पचावी?

असा हा कारकून बरोबर घेऊन मी यंदा स्पेनला गेले. आमच्या आईला मे महिन्यात पंचाहत्तर वर्षे पुरी झाली. माझा धाकटा भाऊ बिल्बाओ शहरी नोकरीला असतो. त्याने सुट्टीत आम्हां मायलेकींना बोलावून घेतले आणि वाढदिवशी मोटारीने गेतारियाला नेले.

गेतारिया हे बास्क प्रांतातले, बिस्केच्या उपसागरावरचे कोळ्यांचे छोटेसे गाव. समुद्रात घुसलेल्या तिथल्या टेकडीला लोक 'गेतारियाचा उंदीर' म्हणतात. हुआन सेबास्तियान एल्कानो या गावचा. १५१९ साली मॅगेलनबरोबर पाच गलबते मसाल्याच्या बेटांच्या शोधात निघाली. मॅगेलन १५२१ मध्ये फिलिपाईन्स बेटांत मारला गेला. १५२२ च्या सप्टेंबरात 'व्हिक्टोरिया' हे एकच गलबत, १८ माणसे आणि लवंगांचा माल घेऊन, पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून स्पेनला परतले. त्याचा कप्तान हा एल्कानो.

त्याच्याच नावाचे 'एल्कानो' हे उपाहारगृह पेद्रो आरेगी यांनी १९६४ साली काढले. अख्खा 'रोदाबायो' मासा निखाऱ्यांवर भाजण्याची तिथली रीत जगभर गाजली. हा मासा म्हणजे आपल्या लेपीचा थोरला भाऊबंद समजा. तसाच चपटा, तसेच दोन्ही डोळे एकाच अंगाला, पण आकाराने परातीएवढा. मे-जूनच्या सुमारास तो चांगला चरबीवर आलेला असतो. रस्त्याच्या कडेला, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात त्याला सालीसकट भाजतात. वर मीठ, तेल आणि आंबट पाणी शिंपडतात. संपली पाककृती!

आईने भट्टीकडे बराच वेळ निरखून पाहिले आणि हळूच विचारले, "ह्येका वाटप नाय?"

ज्या गावच्या माणसाने लवंगांसाठी पृथ्वीला वळसा घातला, त्या गावात माशाला मसाला लावत नाहीत, हे तिला काही केल्या पटेना. पण चुलीतल्या निखाऱ्यावर भाजलेला बांगडा तिने जन्मभर खाल्लेला. वास आला तशी ती गप्प झाली.

आधी 'कोकोचा' आल्या. हेक नावाच्या माशाच्या हनुवटीखालचा हा इवलासा, लुसलुशीत भाग. तेलात भांडे हलवत राहिले की त्यांतला चिकट अंश सुटतो आणि रस आपोआप दाट होतो. एका माशाचा एकच असा तुकडा निघतो, म्हणून त्याचे एवढे अप्रूप. मग तो भाजलेला मासा टेबलाशी आला. वाढणाऱ्या गृहस्थांनी त्याची वरची बाजू, खालची बाजू, कल्ल्यांजवळचे मांस, असे एकेक अंग दाखवले. प्रत्येकाची चव निराळी असते, असे समजावले. मग आईकडे वळून त्यांनी काही विचारले. भावाने भाषांतर केले, "आई, तुला यातला कुठला भाग आवडतो, असं विचारतायत."

"तकली," आई म्हणाली.

भावाचा चेहरा एकदम उतरला. का, ते सांगते. आमच्या मालवणच्या घरात आधी पुरुषांची पाने बसत, मग आम्हां मुलांची. जाड तुकड्या तिथेच संपत. आई शेवटी बसे, तेव्हा कालवणात माशाचे डोके, म्हणजे आमची तकली, तेवढी उरलेली असे. "माका तकलीच आवडता," असे ती म्हणायची. भावाला हे कधी खरे वाटले नाही. आईला एक दिवस जगातली उत्तमातली उत्तम तुकडी खाऊ घालायची, हे त्याने लहानपणीच मनाशी धरले होते. त्यासाठी त्याने हा बेत आखला होता, आणि आईने मागितले काय, तर डोके!

"आई, आज तरी..." तो म्हणाला.

वाढणाऱ्या गृहस्थांची कळी मात्र खुलली होती. त्यांनी गालांचे मांस, जबड्याजवळचा चिकट गर आणि मानेचे तुकडे काढून तिच्या पानात ठेवले आणि हाडे हाताने धरून चोखण्याची खूण केली. आईला ते सांगायला नकोच होते. तिने काटा-चमचा बाजूला सारला आणि एकेक हाड लख्ख करून ताटलीच्या कडेला रचून ठेवले. शेजारच्या टेबलावरचे लोक हातातला घास थांबवून कौतुकाने पाहू लागले.

खाऊन झाल्यावर ती भावाला म्हणाली, "बाळा, पयली उरता म्हणान खाल्लंय. मगे गोडी लागली."

दोन वाक्यांत तिने पन्नास वर्षांचा जमाखर्च मांडला. त्यातले एकच वाक्य खरे मानून चालणार नाही. पहिले विसरले तर तिचे कष्ट पुसले जातात. दुसरे विसरले तर तिची रसना. भाऊ काही बोलला नाही. त्याने उरलेली तुकडी तिच्या पानात सरकवली. तिने अर्धी खाल्ली आणि अर्धी त्याला परत केली.

बिल आले तेव्हा माझा कारकून जागा झाला खरा. पण माझे मन तिथे नव्हते. "तुम्हांला काय आवडते?" हा साधा प्रश्न तिला पंचाहत्तराव्या वर्षी विचारला तो एका परक्या माणसाने, परक्या भाषेत. वाढणारीला असे विचारण्याची आपल्या घरांतून पद्धतच नव्हती.

वाचकहो, या दिवाळीत पाने मांडाल तेव्हा वाढणारीला आधी बसवा आणि हा प्रश्न विचारून पाहा. उत्तर तुमच्या अपेक्षेप्रमाणेच येईल, असे मात्र समजू नका.