विश्लेषण : खाली बसवलेली गाडी एका अंगाला का झुकते?

बाजारातून खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आणायच्या, गॅरेजात दिवसभर गाडी ठेवायची आणि संध्याकाळी ती ताब्यात घेताना लक्षात यायचे, की डाव्या चाकावर दोन बोटे मावतात आणि उजव्या चाकावर एकच. सस्पेन्शन खाली केलेल्या गाड्यांबाबत ही तक्रार नेहमीची आहे. मेकॅनिकचे उत्तरही ठरलेले असते : ‘चालवा थोडे दिवस, बसेल आपोआप.’ नव्या स्प्रिंगा थोड्या बसतात हे खरे, पण दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा जवळपास सारख्याच बसतात. पहिल्या दिवशीचा ठळक झुकाव महिन्याभरानेही राहणार असतो. प्रश्न केवळ दिसण्याचा असता तर सोडून देता आला असता, पण झुकलेल्या गाडीची चाके रस्त्यावर सारखा भार टाकत नाहीत आणि जोरात ब्रेक दाबल्यावर ते जाणवते.

मोजायचे कसे?

बोटांनी नाही, आणि गॅरेजसमोरच्या उतारावर तर मुळीच नाही. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून बहुतेक अंगणांना आणि पार्किंगला ढाळ दिलेला असतो. त्यावर सरळ गाडीही वाकडी दिसते. सपाट जागा शोधावी, चारही टायरमधील हवा सारखी करावी, डिकीतले सामान काढावे. जॅकवरून नुकतीच उतरवलेली गाडी मोजण्यात अर्थ नसतो. चाके आतल्या बाजूला रुतून बसलेली असतात आणि गाडी खऱ्यापेक्षा उंच दिसते. ती काही मीटर पुढे-मागे ढकलावी, चारही कोपरे दाबून हलवावेत, मगच टेप लावावा.

टेप जमिनीपासून लावण्याऐवजी चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कमानीपर्यंत लावावा. त्यामुळे टायरच्या झिजेचा फरक मधून निघून जातो. पाच मिलिमीटरपर्यंतचा फरक रस्त्यावरच्या गाडीत सोडून द्यावा. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. तो एकटाच गाडी चालवत असेल तर त्याच्या वजनाइतके वाळूचे पोते त्या आसनावर ठेवून मोजणे अधिक खरे. पेट्रोलची टाकीही अर्धी भरलेली असावी. ४५ लिटर पेट्रोलचे वजन ३३ किलोच्या आसपास जाते, म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या टाकीत मागची उंची वेगळीच येणार.

पुढे फरक आहे, मागे नाही. याचा अर्थ काय?

इथे बहुतेक जण फसतात. गाडीचे धड हे कडक पेटीसारखे असते; ते पुढे डावीकडे कलले आणि मागे सरळ राहिले असे होत नाही. एका कोपऱ्याची स्प्रिंग खचली तरी डाव्या-उजव्या बाजूतील फरक पुढे आणि मागे जवळपास सारखाच दिसायला हवा. तो फक्त पुढेच दिसत असेल, तर संशय स्प्रिंगवर नव्हे तर मडगार्डवर घ्यावा. कधीतरी गाडी ठोकली गेली असेल आणि मडगार्ड बसवताना पाच-सात मिलिमीटर इकडेतिकडे झाले असेल. अशा गाडीत स्प्रिंगचे नट फिरवत बसणे म्हणजे सरळ गाडी वाकडी करणे. शंका असेल तेव्हा मडगार्ड सोडून दाराखालच्या पत्र्याच्या कडेपासून, जिथे जॅक लावतात त्या जागेपासून जमिनीपर्यंत दोन्ही बाजूंनी मोजावे.

एक कोपरा हलवला की बाकीचे तीन का हलतात?

चार पायांच्या टेबलाखाली एका पायाला पुठ्ठा सरकवला, की टेबल समोरच्या तिरक्या पायावर टेकते आणि उरलेले दोन पाय हलके होतात. गाडीचे तसेच, फक्त पायांच्या जागी स्प्रिंगा असल्याने ते डुगडुगत नाही, गुपचूप वाकते. समजा चारही स्प्रिंगा सारख्या कडक आहेत आणि पुढच्या डाव्या कोपऱ्याची स्प्रिंग १२ मिमीने खचली. तो कोपरा १२ नाही, ९ मिमी खाली येतो. पुढचा उजवा आणि मागचा डावा कोपरा प्रत्येकी ३ मिमी खाली येतात आणि मागचा उजवा उलट ३ मिमी वर जातो. डावी-उजवी तफावत पुढे ६ आणि मागेही ६. म्हणजे टेप हातात घेतलेल्या माणसाला दोष पुढे आहे की मागे, हे आकड्यांवरून कळायला मार्गच नाही.

आता मेकॅनिकने चुकीचा अंदाज बांधून मागची डावी बाजू १२ मिमी उचलली असे धरा. गाडी डावी-उजवीकडे एकदम समतल होते, मालक खूश होतो. प्रत्यक्षात चाकांवरचा तिरका भार दुप्पट बिघडलेला असतो. स्प्रिंग दर मिलिमीटरला ३ किलो भार पेलणारी असेल, तर मूळ दोषामुळे प्रत्येक चाकावर ९ किलोंचा फरक पडला होता. ‘दुरुस्ती’नंतर तो १८ किलो होतो. हजार किलोच्या गाडीत पुढच्या दोन्ही चाकांवर ३२०-३२० किलो असायला हवे होते, तिथे उजवीकडे ३३८ आणि डावीकडे ३०२ येतात. पावसात ब्रेक दाबला की डावे चाक आधी घसरते, गाडी उजवीकडे ओढते. दिसायला गाडी सरळ असल्यामुळे दोष मग ब्रेकला, टायरला किंवा अलाइनमेंटला दिला जातो.

दोष पुढचा की मागचा?

चार चाकांखाली ठेवायचे चार वजनकाटे असतील तर प्रश्नच मिटतो. पुढचे उजवे आणि मागचे डावे चाक यांच्या भाराची बेरीज एकूण वजनाच्या निम्मी यायला हवी. शर्यतीच्या गाड्या अशाच बसवतात. पण असे काटे मोजक्याच ठिकाणी असतात.

त्याविना एक साधी परीक्षा आहे. ट्रॉली जॅक पुढच्या आडव्या क्रॉसमेंबरच्या बरोबर मध्यावर, कंपनीने सांगितलेल्या जागीच लावून पुढची चाके जेमतेम जमिनीवरून उचलावीत. आता गाडी पुढे एका बिंदूवर आणि मागे दोन स्प्रिंगांवर उभी आहे. तिचा कल मागच्या स्प्रिंगा ठरवतात. गाडी सरळ झाली, तर दोष पुढे. झुकलेलीच राहिली, तर मागे. या वेळी गाडीखाली कोणी जाऊ नये. जॅकवर टेकलेल्या गाडीखाली डोके घालणे ही गॅरेजातली सर्वांत जुनी आणि सर्वांत वाईट सवय आहे.

दोषी जोडी कळली की डावी-उजवी स्प्रिंग अदलाबदल करावी. झुकाव बाजू बदलून गेला तर स्प्रिंगच कमजोर किंवा तुटलेली. झुकाव जागेवरच राहिला तर कारण दुसरे आहे. (काही गाड्यांना कंपनीच डावी आणि उजवी स्प्रिंग वेगळी देते, तिथे ही युक्ती चालत नाही, भाग क्रमांक आधी पाहावा.)

स्प्रिंग चांगली असूनही झुकाव का?

सर्वांत जास्त वेळा सापडणारे कारण म्हणजे रबरी बुश. लोअर आर्मच्या बुशमध्ये मधली लोखंडी नळी बोल्टने घट्ट आवळली जाते आणि हालचाल रबराच्या पिळातून होते. चाक हवेत लोंबकळत असताना हे बोल्ट आवळले, तर रबर त्या लोंबत्या स्थितीलाच आपली जागा समजते. गाडी जमिनीवर आली की ते सतत पिळलेले राहते आणि गाडीला वर ढकलते. एका बाजूचा बोल्ट हवेत आणि दुसऱ्या बाजूचा जमिनीवर आवळला गेला, की झुकाव तयार. शिवाय असे बुश लवकर फाटतात. उपाय फुकटचा आहे : गाडी चाकांवर उभी असताना, रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घेऊन, हे बोल्ट सैल करावेत, गाडी हलवून बसू द्यावी आणि तिथेच कंपनीच्या ठरलेल्या जोराने आवळावेत. पहिल्या दिवशी हे एवढे केले तरी निम्म्या तक्रारी उद्भवणार नाहीत.

दुसरे, स्प्रिंगचे टोक. खालच्या वाटीत त्या टोकासाठी पायरी असते. टोक पायरीला न टेकता वर चढून बसले तर तो कोपरा तेवढा उंच राहतो. जुन्या गाडीत उलटे होते. गंजलेल्या स्प्रिंगचा खालचा अर्धा वेढा तुटून वाटीतच पडून राहतो आणि वरून काही दिसत नाही. किनाऱ्यालगत चालणाऱ्या गाड्यांत हे आवर्जून तपासावे.

तिसरे, स्टॅबिलायझर बार. तो डाव्या-उजव्या चाकांना जोडतो. उंची जुळवण्यापूर्वी त्याची एका बाजूची लिंक सोडायलाच हवी, नाहीतर एका बाजूचे काम तो दुसऱ्या बाजूला पोहोचवतो. सगळे जुळल्यावर लिंक परत लावताना बोल्ट ओढूनताणून बसवावा लागत असेल, तर बार पिळला जातो आहे. लांबी कमी-जास्त करता येणारी लिंक वापरावी.

कॉइलओव्हर असेल तर?

कॉइलओव्हर म्हणजे उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच. त्यात सोय आहे, आणि म्हणूनच बिघडवायलाही सोपे. गाडी सगळीकडून डावीकडे झुकली असेल तर एक कोपरा न उचलता डावीकडचे पुढचा आणि मागचा दोन्ही सारखे उचलावेत. असे केल्याने तिरका भार बदलत नाही. आट्यांवर ५ मिमी फिरवले म्हणजे चाकाशी ५ मिमी झाले असेही नाही. पुढे मॅकफर्सन स्ट्रट असेल तर ते जवळपास जुळते. मागे स्प्रिंग आर्मच्या मधोमध बसवलेली असेल तर चाकाशी फरक बराच जास्त पडतो. म्हणून थोडे फिरवा, गाडी ढकला, मोजा, पुन्हा फिरवा. कंटाळवाणे आहे, पण दुसरा रस्ता नाही. लॉक रिंग शेवटी आवळायला विसरू नये.

उंची बदलली की कॅम्बर आणि टो बदलतातच. व्हील अलाइनमेंट त्यामुळे उंची पक्की झाल्यावर करावे, आधी केलेले पैसे वाया जातात. टायर आतल्या कडेने झिजताना दिसले तर बहुधा हेच राहून गेलेले असते. हेडलाइटचा झोतही नव्याने लावून घ्यावा.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील प्रकरणात हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतरच्या दाव्यात अडचणीचा ठरतो, तो मुद्दा वेगळाच. रस्त्याचेही पाहावे लागते : इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितला आहे. गल्लोगल्लीचे गतिरोधक हे मानक वाचून बांधलेले नसतात.

कापलेल्या स्प्रिंगचे काय?

खर्च वाचवण्यासाठी मूळ स्प्रिंगचा एखादा वेढा ग्राइंडरने कापून गाडी खाली करणारे अजूनही आहेत. दोन्ही बाजू मिलिमीटरभरही न चुकता सारख्या कापणे हाताने जमत नाही, त्यामुळे झुकाव तिथेच जन्माला येतो. कापलेले टोक वाटीतल्या पायरीवर नीट बसत नाही. मोठ्या खड्ड्यात चाक पूर्ण खाली गेले, की आखूड झालेली स्प्रिंग सैल होऊन वाटीतून सरकू शकते. तिच्याखाली रबराचे पॅकिंग घालून उंची जुळवून देणारे मिळतात. त्याने टेपवरचा आकडा जुळतो, पण स्प्रिंगचे सैल टोक तसेच राहते. अशा गाडीत मोजमाप, वजनकाटे, बुश यांपैकी कशालाही हात लावण्याआधी चारही स्प्रिंगा बदलाव्या लागतात, आणि त्या जोडीनेच. एका बाजूची नवी व दुसऱ्या बाजूची जुनी घातली, तर झुकाव पुन्हा आलाच.