परवान्याची पडताळणी आणि आपल्या रुग्णनोंदी



चिकित्सेच्या चतुष्पादात वैद्य, द्रव्य आणि रुग्ण यांच्या जोडीने चरकाचार्यांनी उपस्थात्यास स्थान दिले असून त्याच्या गुणांत 'शौच' आवर्जून सांगितले आहे. रुग्णाची प्रकृती, पथ्य आणि औषधयोजना यांची नोंद सांभाळणारा संगणक हाही आज आपला उपस्थाताच होय. त्याचे शौच आम्ही स्वतःच्या संमतीने कसे गमावले, हे सभासदांपुढे मांडणे आम्ही कर्तव्य समजतो.

आमचे चिकित्सालय वसमत येथे आहे. मे २०१९ मध्ये विजेच्या चढउतारामुळे संगणकाचा मदरबोर्ड जळाला. तो बदलल्यावर 'विंडोज सक्रिय करा' अशी सूचना पडद्यावर येऊ लागली. आमची प्रत रीतसर विकत घेतलेली होती. तरीही ही सूचना का यावी, हे आम्हांस उमगले नाही. दुरुस्तीस आलेल्या तंत्रज्ञाने 'दहा मिनिटांचे काम' म्हणून एक लहानसा प्रोग्रॅम चढविला आणि तत्पूर्वी अँटिव्हायरस बंद केला. तेव्हाच आम्ही सावध व्हावयास हवे होते.

तिसऱ्या दिवशी अकरा वर्षांच्या रुग्णपत्रिका उघडेनात. प्रत्येक फाइलच्या नावापुढे अनोळखी अक्षरे आणि प्रत्येक फोल्डरमध्ये ९८० डॉलर खंडणी मागणारे पत्र. ७२ तासांत संपर्क साधल्यास निम्मी रक्कम! 'स्टॉप' नावाने ओळखला जाणारा हा खंडणीखोर प्रोग्रॅम मुख्यतः अशाच 'क्रॅक'मधून पसरतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये एम्सिसॉफ्ट या संस्थेने त्याच्या १४८ प्रकारांसाठी फाइली सोडविण्याचे साधन विनामूल्य दिले. परंतु आमच्या फाइलींस ते लागू पडले नाही.

हानी केवळ कागदपत्रांची नव्हती. पुढे कळमनुरी तालुक्यातील एक वृद्ध रुग्णा संधिवातासाठी आल्या. आम्ही भल्लातकयुक्त कल्प लिहीत असता त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, बिब्ब्यानं मागं माझं अंग उतलं होतं, तुम्हीच लिहून ठेवलं होतं ना?" लिहिले होते खरे, पण ते वाचण्याचे साधन उरले नव्हते. त्या बोलल्या नसत्या तर काय झाले असते, या विचाराने आजही मन अस्वस्थ होते.

ही पडताळणी म्हणजे नेमके काय? विंडोज एक्सपीपासून, म्हणजे २००१ पासून, परवान्याचा क्रमांक आणि यंत्रातील प्रमुख भाग यांची सांगड घातली जाते. मदरबोर्ड बदलला की संगणक विंडोजला नवखा वाटतो व पुन्हा ओळख मागितली जाते. अशा वेळी खरेदीचे बिल घेऊन विक्रेत्याकडे वा कंपनीकडे विचारणा करणे हाच राजमार्ग. मोठ्या कार्यालयांत मात्र अंतर्गत सर्व्हर ही ओळख देतो आणि ती १८० दिवस टिकते. अनेक क्रॅक आपल्याच संगणकात असा खोटा सर्व्हर उभा करतात. त्यासाठी त्यांस संगणकाचे सर्वाधिकार लागतात, आणि पहारेकरी आधीच झोपविलेला असतो. डिसेंबर २०२१ मध्ये 'केएमएसपिको' या क्रॅकच्या नावाखाली 'क्रिप्टबॉट' हा माहिती चोरणारा प्रोग्रॅम पसरविला जात असल्याचे रेड कॅनरी या सुरक्षा संस्थेने उघड केले.

प्रत्येक क्रॅकमध्ये विष असतेच असे नाही. पण ते नाही हे ओळखण्याचे साधन आपल्यापाशी नसते. आमच्या वसमतच्या बाजारात जाणकार हळकुंड मोडून गाभ्याचा रंग पाहतो, कारण वरची झळाळी लेड क्रोमेटचीही असू शकते. क्रॅक मोडून पाहता येत नाही. उत्पादकाचे नाव आणि परवाना क्रमांक नसलेले चूर्ण आपण रुग्णास देत नाही. मग त्याच रुग्णाची नोंद बेनामी प्रोग्रॅमच्या हाती का सोपवावी?

कायदाही स्पष्ट आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार चोरटी प्रत जाणूनबुजून वापरल्यास ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. हक्कभंगाच्या हेतूने संरक्षक कुलूप तोडणे हाही २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-अ नुसार गुन्हा आहे.

सभासदांस आमची विनंती इतकीच, की संगणक घेताना बिलावर विंडोजच्या परवान्याचा उल्लेख करून घ्यावा. खर्च परवडत नसेल तर लिबरऑफिस विनामूल्य आहे. सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही लिनक्स प्रणालीही आहे. रुग्णनोंदींची प्रत दर आठवड्यास वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी व ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. आणि कोणी 'आधी अँटिव्हायरस बंद करा' म्हणाल्यास त्यास तेथेच थांबवावे.

त्या वृद्ध रुग्णेची पत्रिका आम्ही पुन्हा लिहिली आहे. तिच्या पहिल्याच ओळीत, लाल शाईने, 'भल्लातक वर्ज्य' असे आहे. ती आता कागदावरही आहे.